कॅमेरा लावला, पण मागचं दार उघडंच! राऊटर, सीसीटीव्ही आणि घरच्या संगणकाला कुलूप कसं लावायचं?

कर्जत/खालापूर : कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आता फायबरची वायर आडगावातही दिसू लागली आहे. फार्महाऊस, पोल्ट्री, किराणा दुकान, दूध डेअरी, नवीन बांधलेलं घर, सगळीकडे भिंतीवर कॅमेरा आणि कोपऱ्यात लुकलुकणारा राऊटर असतो. मालक मुंबईत बसून मोबाईलवर वाडी बघतो, राखणदार इकडे झाडांना पाणी घालतो. सोय चांगली आहे, यात वाद नाही.

पण चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या कॅमेऱ्यालाही एक कुलूप असतं, आणि नेमकं तेच लावायचं राहून जातं. फिटर येतो, वायर ओढतो, मोबाईलवर चित्र दाखवतो, पैसे घेऊन जातो. पासवर्ड काय ठेवला, हे विचारायचं कोणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच ठिकाणी तो कारखान्यातून आला तसाच असतो, म्हणजे नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’. किंवा 12345. हे शब्द जगातल्या प्रत्येक चोराला पाठ आहेत.

राजकोटला काय झालं?

हा धोका किती खरा आहे, ते फेब्रुवारी 2025 मध्ये उघड झालं. गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात महिला रुग्णांची तपासणी होते त्या खोलीतलं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरताना सापडलं. ते पैसे घेऊन विकलं जात होतं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी सुरुवातीला ज्यांना अटक केली, त्यांत दोघे आपल्या महाराष्ट्रातले होते, एक लातूरचा आणि एक सांगलीचा. पुढे तपासाच्या बातम्यांत जो पासवर्ड समोर आला तो होता ‘ॲडमिन123’.

म्हणजे कोणी भिंत फोडली नाही, वायर तोडली नाही. दाराला कुलूप होतं, पण त्याची किल्ली सगळ्या गावाला माहीत होती. त्या बायाबापड्यांचा यात काय दोष होता? त्या तर उपचाराला गेल्या होत्या. कॅमेरा आपल्या भिंतीवर असला तरी त्यात दिसणारी माणसं दुसऱ्याच्या घरचीही असतात. फार्महाऊसवरच्या राखणदाराची बायको-मुलं, पोल्ट्रीवरच्या मजूर बाया, दुकानात येणारं गिऱ्हाईक, हे सगळे त्यात येतात. म्हणून हा विषय फक्त मालकाच्या मालमत्तेचा नाही.

पोर्ट म्हणजे काय?

पासवर्ड सगळ्यांना कळतो. ‘पोर्ट’ मात्र अनेकांना कळत नाही, म्हणून ते आधी समजून घेऊ.

इंटरनेटवर जोडलेल्या प्रत्येक जोडणीला एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. हा पत्ता म्हणजे घर नंबर समजा. पण घरात शिरायला दार लागतं. संगणक, राऊटर, डीव्हीआर यांना अशी आकड्यांची दारं असतात. त्यांनाच पोर्ट म्हणतात. ही दारं 0 पासून 65535 पर्यंत असू शकतात. प्रत्यक्षात थोडीच वापरात असतात, पण प्रत्येक दार कशाचं ते ठरलेलं असतं.

जसं घराला पुढचं दार पाहुण्यांसाठी, मागचं परसात जायला आणि गोठ्याचं वेगळं, तसंच इथेही आहे. 80 आणि 443 ही वेबसाईटची दारं. 22 आणि 23 ही यंत्राला दुरून हुकूम देण्याची दारं. त्यातलं 23 जुनं आहे, त्यातून पासवर्डही उघडाच जातो. 554 हे अनेक कॅमेऱ्यांचं चित्र पाठवायचं दार. 445 हे विंडोजच्या संगणकांमध्ये फाईलींची देवाणघेवाण करायचं दार. 3389 हे दुरून दुसऱ्याचा संगणक चालवायचं, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार.

घरात संगणक वापरणाऱ्याला यातलं एकही दार बाहेरच्या जगासाठी उघडं ठेवायची गरज नसते. आपण बाहेर जाऊन वेबसाईट बघतो, ते वेगळं. बाहेरच्याने आपल्या घरात यायचं, हे वेगळं. राऊटर साधारणपणे आतून बाहेर जाऊ देतो आणि बाहेरून आत येणाऱ्याला अडवतो. पण मोबाईलवर कॅमेरा दिसावा म्हणून कोणीतरी राऊटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करतं आणि एक दार कायमचं उघडं राहतं. काही यंत्रं तर ‘यूपीएनपी’ नावाच्या सोयीमुळे मालकाला न विचारता आपणहून राऊटरकडून दार उघडून घेतात.

“आपल्या वाडीत कोण येतंय?”

गावाकडे हा प्रश्न हमखास येतो. आपण आडगावात, आपल्याकडे काय आहे, आपल्याला कोण शोधणार?

याचं उत्तर असं की तुम्हाला कोणी शोधतच नाही. यंत्र सगळ्यांनाच शोधतं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘झेडमॅप’ नावाचा प्रोग्राम तयार केला. चांगल्या वेगाची लाईन असेल तर जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही4 च्या, सगळ्या पत्त्यांवर एखादं दार उघडं आहे का, हे त्यातून 45 मिनिटांच्या आत तपासता येतं. असे एकूण पत्ते सुमारे 430 कोटी आहेत. म्हणजे कर्जतहून खोपोलीला जाऊन चहा पिऊन परत येईपर्यंत अख्ख्या जगाची दारं वाजवून होतात. त्यात कशेळे काय, चौक काय आणि न्यूयॉर्क काय, यंत्राला सगळं सारखंच.

2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने हेच केलं. तो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर यांचं 23 नंबरचं दार वाजवायचा आणि कारखान्यातून येणारे साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक लावून बघायचा. जमलं की ते यंत्र त्याचं. मालकाला पत्ताच नाही, कॅमेरा आपला रोजच्यासारखा चालू. अशी लाखो यंत्रं गोळा झाली. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या वेबसाईट अनेकांना काही तास उघडेनात. मिराई तयार करणाऱ्या तिघा तरुणांनी पुढे 2017 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

आपल्या वाडीतला कॅमेरा अशा फौजेत असेल, तर हल्ला आपल्या लाईनवरून होतो. जोडणी ज्याच्या नावावर आहे, चौकशी आधी त्याच्याकडे येते.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

पासवर्ड आणि पोर्ट दोन्ही ढिले असले की काय होतं, हे रायगड जिल्ह्याने जवळून पाहिलं आहे. तेही पोर्टमध्येच, म्हणजे बंदरात.

27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत तो घुसला. याच कंपनीच्या समूहाकडे उरण तालुक्यातल्या न्हावा शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदराचं एक टर्मिनल चालवायला होतं, गेटवे टर्मिनल्स इंडिया. तिथले संगणक बंद पडले. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, कोणाला द्यायचाय, हे संगणकाशिवाय कळेना. काम हाताने करायची वेळ आली आणि माल तुंबला.

हा व्हायरस दोन रस्त्यांनी पळत होता. एक रस्ता 445 नंबरच्या दाराचा. विंडोजमधल्या या दाराची एक चूक मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच अपडेट देऊन दुरुस्त केली होती. पण ज्यांनी अपडेट टाकलंच नाही, त्यांचं दार मोडकंच राहिलं. मे 2017 मध्ये आलेला ‘वॉनाक्राय’ व्हायरसही याच दारातून दीडशेच्या वर देशांत पसरला होता.

दुसरा रस्ता पासवर्डचा. नॉटपेट्या एका संगणकात शिरला की तिथे वापरले गेलेले पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने शेजारचा संगणक उघडायचा. त्यामुळे ज्या संगणकात अपडेट होतं, तोही वाचला नाही, कारण आतल्या सगळ्या दारांना एकच किल्ली लागत होती.

मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी 2018 मध्ये जाहीर सांगितलं की कंपनीला 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज 25 ते 30 कोटी डॉलरचा होता. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर एका संगणकावर चालणाऱ्या सेवा केंद्राचं किंवा दुकानाचं काय होईल? त्यात लोकांचे आधार, सातबारा, दाखले यांचे स्कॅन असतात. उधारीची वही संगणकात असते. ते एका रात्रीत लॉक झालं, तर परत मिळेल याचा भरवसा पैसे भरूनही नसतो.

चांगला पासवर्ड कसा असतो?

साधा हिशेब करू. चार आकडी पिन असेल तर एकूण 10,000 जोड्या होतात. सहा आकडी असेल तर 10 लाख. माणसाला हे जास्त वाटतं, यंत्राला काहीच नाही. इंग्रजी छोट्या लिपीतली आठ अक्षरं घेतली तर जोड्या होतात सुमारे 20,882 कोटी. त्यात आणखी चारच अक्षरं वाढवली, म्हणजे बारा केली, की जोड्या साडेचार लाख पटींनी वाढतात. म्हणून अवघड चिन्हांपेक्षा लांबी जास्त कामाची.

पण ही गणितं कुठलीही अक्षरं नेम न धरता घेतली तरच खरी. मुलाचं नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, गावदेवीचं नाव, मोबाईल नंबर, हे चोर आधी लावून बघतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत लिहा. उदाहरणार्थ कोयता, सतरंजी, बेडूक, पाटा. लक्षात राहायला सोपं, ओळखायला कठीण. हेच चार शब्द मात्र वापरू नका, ते आता छापून आले. आपले आपण निवडा.

दुसरा नियम, एक पासवर्ड एकाच ठिकाणी. वायफायचा, कॅमेऱ्याचा, ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड सारखा असेल तर एक फुटला की चारही गेले. सगळे लक्षात राहत नसतील तर वहीत लिहा. वही सातबाऱ्याच्या फाईलीसोबत कपाटात ठेवा. परदेशात बसलेला चोर कपाट उघडू शकत नाही. राऊटरवर चिठ्ठी चिकटवून ठेवणं किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं मात्र टाळा.

एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राऊटरचा पासवर्ड वेगळा. वायफायचा पाहुण्यांना देतो तो. राऊटरच्या पासवर्डने राऊटरच्या सेटिंग बदलता येतात. वायफायचा बदलला म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. राऊटरचा तसाच असेल, तर वायफायवर आलेला कोणीही पाहुणा घराचा मालक होऊ शकतो. राऊटरमध्ये शिरलेला माणूस तुम्ही बँकेची वेबसाईट उघडताना तुम्हाला दुसऱ्याच, हुबेहूब दिसणाऱ्या वेबसाईटवर नेण्याचा प्रयत्न करू शकतो.

अर्ध्या तासात करायची कामं

1. राऊटरचा पासवर्ड बदला. घरच्या वायफायला जोडलेल्या मोबाईलच्या ब्राऊझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका. तो बहुतेक 192.168.1.1, 192.168.0.1 किंवा 192.168.29.1 असतो, राऊटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. जमत नसेल तर केबलवाल्याला समोर बसवून बदलून घ्या. नवा पासवर्ड मात्र स्वतः टाईप करा.

2. त्याच ठिकाणी ‘यूपीएनपी’ आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करा. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ची यादी बघा. ज्याचं कारण कोणालाच सांगता येत नाही, ती ओळ काढून टाका. काही बंद पडलं तर परत चालू करता येतं.

3. वायफायची सुरक्षा ‘डब्ल्यूपीए2’ किंवा ‘डब्ल्यूपीए3’ ठेवा. ‘डब्ल्यूपीएस’ हे बटण दाबून जोडायचं सेटिंग बंद करा. पाहुण्यांसाठी आणि कॅमेऱ्यांसाठी ‘गेस्ट’ वायफाय वेगळं करता आलं तर उत्तम. मग कॅमेरा फुटला तरी चोर घरच्या संगणकापर्यंत सहज पोहोचत नाही.

4. डीव्हीआर आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला. आजचे बरेच कॅमेरे क्यूआर कोड स्कॅन करून ॲपला जोडले जातात. यात कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो, त्यामुळे राऊटरचं दार उघडावं लागत नाही. पण मग त्या ॲपचा पासवर्ड हेच दार होतं. ॲपमध्ये ‘टू-स्टेप’ पडताळणी असेल तर चालू करा. घरातल्या दुसऱ्याला दाखवायचं असेल तर पासवर्ड देऊ नका, ॲपमधला ‘शेअर’ पर्याय वापरा. राखणदार, नोकर किंवा फिटर बदलला की पासवर्डही बदला.

5. कॅमेऱ्याचं तोंड बघा. झोपायची खोली, न्हाणीघराची वाट, राखणदाराची खोली कॅमेऱ्यात येत असेल तर तोंड फिरवा. जे चित्र घेतलंच नाही, ते चोरीला जात नाही.

6. संगणक अपडेट ठेवा. विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 पासून आणि विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 पासून मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला आहे. अशा संगणकावर बँकेचं काम करू नका. विंडोजची ‘फायरवॉल’ चालू आहे ना, ते बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम या भागात ‘रिमोट डेस्कटॉप’ असेल तर बंद करा. बाहेरच्या वायफायला जोडताना नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ निवडा.

7. महत्त्वाच्या फाईलींची प्रत पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्कवर घ्या आणि ती काढून ठेवा. संगणकाला कायम जोडलेली हार्डडिस्कही संगणकासोबतच लॉक होते.

दार उघडं आहे का, ते कसं कळणार?

एक सोपी चाचणी आहे. घरच्या वायफायवर गूगलमध्ये आपला आयपी पत्ता काय ते शोधा. चार आकड्यांचा, मध्ये टिंबं असलेला जो पत्ता येईल तो लिहून घ्या. मग मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा आणि तोच पत्ता ब्राऊझरमध्ये टाका. तिथे आपल्या राऊटरचं किंवा डीव्हीआरचं लॉगिन पान उघडलं, तर समजा की ते जगातल्या कोणालाही उघडतंय. काहीच उघडलं नाही, तर वेबसाईटचं दार बंद आहे. बाकीची दारं बंद आहेत, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंगची यादी बघणंच बरं.

काही कंपन्या एकच पत्ता अनेक घरांना वाटून देतात. अशा लाईनवर बाहेरून थेट आत येणं अवघड होतं. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण वायफायच्या टप्प्यातला माणूस आणि फुटलेला ॲपचा पासवर्ड हे दोन रस्ते तरीही उघडेच असतात.

पावसाळ्यातली एक गोष्ट आपल्या भागात विशेष लक्षात ठेवावी लागते. विजेच्या कडकडाटात राऊटर उडतो, केबलवाला नवा लावून देतो. किंवा नेट चालत नाही म्हणून कोणीतरी टाचणीने ‘रिसेट’चं बटण दाबतं. दोन्ही वेळा सगळी सेटिंग कारखान्यासारखी होतात, आधी बदललेला पासवर्डही जातो. म्हणून राऊटर बदलला किंवा रिसेट झाला की वरची पहिली तीन कामं पुन्हा करायची.

शिरकाव झालाच तर?

कॅमेरा आपोआप फिरतो, ॲपमध्ये अनोळखी मोबाईल दिसतो, राऊटरच्या यादीत घरात नसलेलं यंत्र दिसतं, पासवर्ड अचानक चालत नाही, ही शंकेची लक्षणं आहेत. अशा वेळी आधी यंत्राची नेटची वायर काढा. मग स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा. त्यानंतरच रिसेट करा, लगेच नवा पासवर्ड टाका आणि अपडेट करा. संगणकात व्हायरस असल्याची शंका असेल तर केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाईटवर तपासणीची मोफत साधनं मिळतात.

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर फोन करा. बाकी तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. दुसऱ्याचा पासवर्ड फसवून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली, आणि कोणाच्या खाजगी अंगाचं चित्र परवानगीशिवाय काढणं किंवा पसरवणं हा कलम 66ई खाली गुन्हा आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यात बदनामी पीडितांची होत नाही, गुन्हा करणाऱ्याची होते. म्हणून लाजेखातर गप्प बसू नये.

पुढच्या वेळी फिटर घरी आला की चित्र दिसतंय का, एवढ्यावर थांबू नका. पासवर्ड बदलला का, कुठलं पोर्ट उघडलं आणि का उघडलं, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळाल्यावरच पैसे द्या.